ब्लूबेरी घरच्या कुंडीत : अडचण उन्हापेक्षा पाण्याची

प्रतिनिधी

मोठ्या शहरांतील फळांच्या दुकानांत आणि मॉलमध्ये गेल्या काही वर्षांत ब्लूबेरीची पारदर्शक डबी सर्रास दिसू लागली आहे. मूठभर फळांसाठी मोजावी लागणारी किंमत पाहिली की, गच्चीत वा बाल्कनीत चार कुंड्या बाळगणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : हे झुडूप आपणच लावले तर? रोपवाटिकांनीही ही हौस ओळखली आहे. रोप घरी येते, पहिला महिना टवटवीत राहते, पुढे हळूहळू पाने पिवळी पडू लागतात आणि वर्ष सरण्याच्या आत कुंडीत वाळलेली काडी तेवढी उरते. ‘आपल्याकडचे ऊन त्याला सोसले नाही,’ असे म्हणून विषय मिटवला जातो.

प्रत्यक्षात उन्हावर येणारा हा आळ बऱ्याच अंशी चुकीचा आहे. ब्लूबेरीचे रोप पुष्कळदा मरते ते कुंडीतल्या मातीमुळे आणि त्या मातीत रोज घातल्या जाणाऱ्या पाण्यामुळे. इतर झाडांना मानवणारी माती आणि त्यांना पोसणारी खते या झुडपाला मारक ठरतात. हे एक सूत्र ध्यानात आले तर दख्खनच्या पठारावरही कुंडीत ब्लूबेरी जगवता येते. ते ध्यानात आले नाही, तर कितीही महाग रोप आणले तरी पैसे आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

फळ नेमके कोणते?

ब्लूबेरी हे उत्तर अमेरिकेतील झुडूप. ‘व्हॅक्सिनियम’ ही त्याची प्रजाती आणि हिमालयात फुलणारा बुरांश म्हणजेच ऱ्होडोडेंड्रॉन हा त्याचा कुळबंधू. या प्रजातीचे रानटी भाईबंद भारतातही आहेत. नीलगिरीच्या उंच डोंगरांवर शोलावनांच्या कडेने त्यातील एक जात वाढते. बाजारात मिळणारी ब्लूबेरी मात्र अमेरिकी जातींच्या निवडीतून आणि संकरातून घडवलेली आहे.

रंगसाधर्म्यामुळे तिची तुलना जांभळाशी केली जाते. पण दोहोंचा तसा संबंध नाही. जांभळाचा वृक्ष असतो आणि त्याच्या फळात एकच मोठी बी असते. ब्लूबेरीचे झुडूप कुंडीत छातीएवढे वाढते आणि तिच्या फळात खसखशीसारख्या अनेक बारीक बिया असतात, ज्या खाताना जाणवतही नाहीत. फळाच्या टोकाला चांदणीच्या आकाराचा छोटा मुकुट आणि सालीवर द्राक्षासारखी पांढरट लव ही तिची ओळखीची खूण.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

आज जगभर लागवडीखाली असलेले हे फळ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत केवळ रानमेवा होते. अमेरिकेतही ते बागेत लावण्याचे प्रयत्न फसत होते. शेतकरी आपली उत्तम, सुपीक, शेणखत घातलेली जमीन त्याला देत आणि झुडूप झुरून मरे. या कोड्याचा उलगडा अमेरिकी कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी केला. त्यांनी १९१० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते आणि चुनायुक्त सुपीक माती तिला अपायकारक असते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होता.

न्यू जर्सी राज्यात क्रॅनबेरीची शेती करणाऱ्या कुटुंबातील एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात हे संशोधन आले आणि १९११ मध्ये त्यांनी कोव्हिल यांना आपली जमीन प्रयोगांसाठी देऊ केली. रानात फळे वेचणाऱ्या स्थानिक लोकांना त्यांनी मोठ्या फळांची झुडपे शोधून आणण्याच्या कामाला लावले. फळ मोजण्यासाठी त्यांना भोक पाडलेली पट्टी दिली जाई. त्या भोकातून न निसटणारे फळ ज्या झुडपाला लागे, ते निवडीला पात्र ठरे. या झुडपांतून निवड आणि संकर करून १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले व्यापारी पीक बाजारात गेले. शतकापूर्वी अमेरिकी शेतकऱ्यांची जी चूक होत होती, नेमकी तीच आज शहरांतील गच्च्यांवर होताना दिसते. झाडाला ‘चांगली’ माती दिली जाते आणि झाड त्या चांगुलपणानेच जाते.

थंडीचा प्रश्न किती खरा?

ब्लूबेरीला कडाक्याची थंडी लागते, हा समज निराधार नाही. कोव्हिल यांनीच १९२० मध्ये दाखवून दिले की, हिवाळाभर उबेत ठेवलेली झुडपे वसंतात नीट फुटत नाहीत. मूळच्या उत्तरेकडील वाणांना सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील थंडीचे आठशे ते हजार तास मिळावे लागतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये पारा एवढा खाली उतरतो तो मोजक्या पहाटे, तेही काही तासांपुरता. मुंबईत तर तो प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे उत्तरेकडील वाणाचे रोप येथे आणले तर ते पाने धरील, पण फुलणार नाही.

मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण राज्यांत, विशेषतः फ्लोरिडा विद्यापीठात, कमी थंडीत फळणारे वाण तयार करण्यात आले. उत्तरेकडील ब्लूबेरीचा फ्लोरिडातील रानटी सदाहरित जातीशी संकर करून हे साधले गेले. ‘शार्पब्लू’, ‘मिस्टी’, ‘एमराल्ड’, ‘ज्युवेल’ आणि मिसिसिपीत विकसित झालेला ‘बायलॉक्सी’ हे या गटातील परिचित वाण. यातील काहींना अगदी नाममात्र थंडी पुरते.

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाचे उदाहरण बोलके आहे. तेथील समुद्रकाठचा प्रदेश म्हणजे जवळजवळ पाऊस नसलेले वाळवंट. कडाक्याची थंडीही तिथे नाही. तरीही कमी थंडीचे वाण लावून, झाड वर्षभर हिरवे ठेवून आणि ठिबकातून आम्लयुक्त पाणी देऊन २०१०नंतरच्या दशकात तो देश ब्लूबेरीच्या निर्यातीत जगात आघाडीवर गेला. अर्थात शीत सागरी प्रवाहामुळे तिथला उन्हाळा आपल्याइतका तापत नाही, हेही विसरता कामा नये. वाण योग्य असेल तर थंडीची उणीव आड येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरा अडसर जमिनीत

मातीची आम्लता सामूने, म्हणजेच पीएचने मोजतात. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर अल्कधर्मी. बहुतेक भाज्या व फुलझाडे ६ ते ७.५ सामूत आनंदाने वाढतात. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ लागतो. हा फरक आकड्यात लहान दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. ७.५ सामूची माती ही ५ सामूच्या मातीपेक्षा सुमारे तीनशे पटींनी कमी आम्लधर्मी असते.

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तिचा सामू सर्वसाधारणपणे ७.५ ते ८.५ असतो आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यात चुनखडीचे खडे सापडतात. अशा मातीत लोह असते, पण ते मुळांना घेता येईल अशा विद्राव्य रूपात नसते. ब्लूबेरीच्या मुळांना इतर झाडांसारखी केसमुळे नसतात. रानात एका विशिष्ट बुरशीच्या साहचर्यावर आणि मातीच्या आम्लतेवर ती आपले पोषण मिळवतात. आम्लता गेली की लोहाची उपासमार सुरू होते. कोवळी पाने पिवळी पडतात, मात्र त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. ऊस वा भुईमूग असा पिवळा पडला की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. त्याच जातीचा हा विकार होय. घरी मात्र हे लक्षण पाहून पाणी किंवा खत वाढवले जाते आणि रोपाचा अंत अधिकच जवळ येतो.

कोकणातील जांभ्याची माती निसर्गतःच आम्लधर्मी आहे, त्यामुळे तिथला बागाईतदार एका मोठ्या अडचणीतून सुटतो. त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो धुवाधार पावसात मुळे कुजू न देण्याचा.

कुंडी भरताना

पठारावरील शहरांत ब्लूबेरी जमिनीत लावण्याचा अट्टहास करू नये. खड्ड्यात कितीही आम्लधर्मी मिश्रण भरले तरी भोवतालच्या मातीतील चुना काही काळाने त्यात उतरतोच. कुंडी हाच खात्रीचा मार्ग आहे. ब्लूबेरीची मुळे उथळ असल्याने कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी. सुरुवातीला पंधरा-वीस लिटरची आणि दोन वर्षांनी तीस-चाळीस लिटरची कुंडी वा जाड कापडी पिशवी पुरते. प्लॅस्टिकची कुंडी चालते, पण सिमेंटची वापरू नये, कारण सिमेंटमधून चुना झिरपत राहतो. त्याच कारणाने तळाशी जुन्या बांधकामाचे विटांचे तुकडे टाकण्याची सवयही येथे सोडलेली बरी.

मिश्रणात बागेची माती अजिबात नसली तरी चालते. धुतलेले कोकोपीट दोन भाग, पीट मॉस एक भाग, पाइनच्या सालीचे तुकडे एक भाग आणि पर्लाइट किंवा भाताचे तूस एक भाग, असे प्रमाण ठेवता येईल. पीट मॉस मुळातच आम्लधर्मी असते. पाइनची साल ऑर्किडचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळते. तूस कोरडे व न जाळलेले असावे, कारण जळलेल्या तुसाची राख अल्कधर्मी असते. कोकोपीटमध्ये क्षार असण्याची शक्यता असल्याने ते दोन-तीन वेळा भिजवून, पिळून घ्यावे. झुडूप लावल्यावर वर दोन बोटे जाडीचे साल किंवा वाळक्या पाचोळ्याचे आच्छादन घालावे. त्यामुळे उथळ मुळांना उन्हाची झळ लागत नाही.

भरलेल्या कुंडीचा सामू तपासणे अवघड नाही. मूठभर मिश्रण त्याच्या दुप्पट ‘बॅटरीच्या पाण्यात’, म्हणजे क्षारविरहित पाण्यात कालवून अर्धा तास ठेवावे आणि त्यात सामूची कागदी पट्टी बुडवावी. सामू ५.५च्या वर निघाला तर चमचाभर गंधकाची भुकटी मिश्रणात कालवावी. गंधकाचे आम्लात रूपांतर मातीतील जिवाणू करतात आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून ही तयारी रोप आणण्याच्या दोन महिने आधी करणे शहाणपणाचे ठरते.

पाण्याचे गणित

मिश्रण नेमके जमले तरी लढाई तिथे संपत नाही. विहिरीच्या, कूपनलिकेच्या आणि पुष्कळदा टँकरच्या पाण्यात विरघळलेला चुना, म्हणजे बायकार्बोनेट, भरपूर असतो. बादलीच्या कडेला किंवा गिझरच्या नळीत जमणारा पांढरा थर तो हाच. असे पाणी रोज घातले की कुंडीचा सामू महिन्या-महिन्याने वर सरकत जातो. पहिले काही आठवडे हिरवे असलेले रोप नंतर पिवळे का पडते, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

धरणाचे पाणी त्या मानाने मऊ असते. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या तलावांतून आणि पुण्याला खडकवासला साखळीतील धरणांतून येणारे पाणी सह्याद्रीतील पावसाचे असते. त्याने फारसे बिघडत नाही. पण शहरांच्या कडेने वाढलेल्या ज्या वसाहती कूपनलिका व टँकरवर अवलंबून आहेत, तेथील रहिवाशांना ब्लूबेरी लावण्यापूर्वी पाण्याचा विचार करावाच लागेल.

सर्वोत्तम पाणी पावसाचे. त्याचा सामू साधारण ५.६ असतो आणि त्यात चुना नसतो. ते किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. वीस लिटरच्या कुंडीला पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांत दिवसाला सरासरी दोन लिटर पाणी धरले, तर एका झुडपाला वर्षाकाठी सुमारे ४८० लिटर लागतात. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे गच्चीच्या एक चौरस मीटर भागावर पडणारे पाणी एका झुडपाची वर्षाची तहान भागवू शकते. प्रश्न उरतो साठवणुकीचा. दोनशे लिटरचे तीन पिंप ठेवायला जागा असेल तर एका झुडपाची सोय होते. साठवलेले पाणी घट्ट झाकणाखाली किंवा बारीक जाळीखाली ठेवलेच पाहिजे. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो.

वातानुकूलन यंत्राच्या नळीतून टपकणारे पाणीही जवळजवळ क्षारविरहित असते आणि नेमक्या उन्हाळ्यात ते मुबलक मिळते. याउलट पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी क्षारांनी भरलेले असते. ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून ते ब्लूबेरीला घालणे म्हणजे रोपाच्या मुळावर येणेच होय.

यातले काहीच शक्य नसेल तर किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणाऱ्या सायट्रिक आम्लाने पाण्यातील चुना मारता येतो. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅमपासून सुरुवात करावी, ढवळून सामू पाहावा आणि तो ५ ते ५.५ वर येईपर्यंत थोडे थोडे वाढवावे. एकदा प्रमाण सापडले की, पाण्याचा स्रोत बदलेपर्यंत तेच वापरता येते. अंदाजपंचे ओतणे मात्र टाळावे. लिंबू पिळणे, ताक घालणे, चहाचा चोथा पसरणे या घरगुती उपायांनी कुंडीचा सामू टिकाऊ रीतीने खाली येत नाही. त्यांवर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

खताच्या सवयी मोडाव्या लागतात

घरच्या बागेत राख, अंड्याची टरफले, हाडांचा चुरा आणि गांडूळ खत यांना मानाचे स्थान असते. ब्लूबेरीच्या कुंडीत यांतील पहिल्या तिघांना पूर्ण बंदी असावी, कारण राख आणि चुना सामू वर नेतात. शेणखत व गांडूळ खतही येथे उपयोगाचे नाही. त्यांचा सामू बहुधा उदासीन किंवा त्याहून वर असतो आणि शेणखतातील क्षार नाजूक मुळांना सोसत नाहीत.

या झुडपाला नत्र हवे ते अमोनियमच्या रूपात. त्यासाठी अमोनियम सल्फेट हे खत सोयीचे. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा अर्धा चहाचा चमचा खत पाण्यात विरघळवून द्यावे, त्याहून अधिक नको. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे, कारण क्लोराइड या झुडपाला बाधते. सेंद्रिय खताचा आग्रह असणाऱ्यांसाठी एक खास देशी पर्याय आहे. जनावरांना घातली जाणारी सरकी पेंड हे आम्लप्रेमी झाडांसाठी चांगले, सावकाश लागू पडणारे खत आहे. अमेरिकेतही घरगुती बागांतून ब्लूबेरीला सरकीची पेंडच देण्याची जुनी पद्धत आहे. मूठभर पेंड दोन महिन्यांतून एकदा आच्छादनाखाली पसरावी.

ऊन, पाऊस आणि जागा

ब्लूबेरीला दिवसाचे पाच-सहा तास तरी ऊन हवे. संपूर्ण सावलीत ती जगेल, पण फळणार नाही. मार्चपासून मे महिन्यापर्यंत मात्र दुपारच्या उन्हापासून तिला वाचवावे लागते. सकाळचे ऊन मिळणारी पूर्वेकडील बाल्कनी यासाठी आदर्श. गच्चीवर शेडनेट लावावी आणि कुंडी तापलेल्या फरशीवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर ठेवावी. काळ्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळल्यास मुळे भाजत नाहीत.

पावसाळ्यात धोका उलटा असतो. साचलेल्या पाण्यात मुळे कुजवणारी बुरशी झपाट्याने फैलावते. कुंडीखालची बशी काढून टाकावी, छिद्रे मोकळी आहेत ना हे पाहावे आणि झड लागली तर कुंडी वळचणीला घ्यावी. मुंबई आणि किनारपट्टीवर दमट उष्णतेमुळे फळधारणा बेताचीच राहील, ही मनाची तयारी आधीच केलेली बरी. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात आणि महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंच ठिकाणी यशाची शक्यता अधिक.

फुले, भुंगे आणि फळे

पठारावर कमी थंडीच्या वाणांना साधारणतः हिवाळ्यात फुले येतात. ती पांढरी, घंटेसारखी, खाली तोंड करून लोंबणारी असतात. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकावीत. जिवावर येणारे हे काम केल्यास झाडाची ताकद मुळांकडे व फांद्यांकडे जाते.

या फुलाचे परागकण नळीसारख्या पुंकेसरांत असतात आणि थरथर झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. टोमॅटो व वांग्याच्या फुलांचीही हीच रीत. निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या आणि काळे भुंगे फुलाला धरून पंखांच्या स्नायूंनी गुणगुणतात, त्या कंपनाने पराग झडतात. इमारतीच्या सातव्या-आठव्या मजल्यावर या माश्या फिरकत नसतील तर विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश फुलाच्या देठाला क्षणभर लावून तेच काम साधता येते. एकच झुडूप असले तरी फळ धरते, पण दोन निराळे वाण शेजारी असले तर फळे मोठी होतात आणि लवकर पिकतात.

फूल ते फळ हा प्रवास दोन ते तीन महिन्यांचा. फळ निळे झाले की लगेच तोडण्याचा मोह आवरावा. देठाजवळची लालसर छटा पूर्ण जाईपर्यंत आणखी काही दिवस थांबावे, कारण तोडल्यानंतर ब्लूबेरी गोड होत नाही. थांबण्याच्या या काळात बुलबुल आधी येऊन जातील. म्हणून जाळी हवीच. फळे मागील मोसमात वाढलेल्या फांद्यांवर येतात. त्यामुळे तोडणी संपताच, पावसाळ्याच्या तोंडावर हलकी छाटणी करावी. हिवाळ्यात छाटले तर फुलांच्या कळ्याच कापल्या जातात.

रोप घेताना फसगत नको

इंटरनेटवर ‘ब्लूबेरीच्या बिया’ म्हणून आकर्षक पाकिटे विकली जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ब्लूबेरीची बी रुजली तरी फळ यायला काही वर्षे लागतात आणि ते फळ मूळ वाणासारखे असेलच याची शाश्वती नसते. रोप छाटांपासून किंवा उतिसंवर्धनाने तयार केलेले असावे आणि विक्रेत्याने वाणाचे नाव सांगावे. नुसते ‘ब्लूबेरी’ एवढेच सांगणाऱ्याकडून, किंवा हिमाचल-काश्मीरसाठीचे थंडीचे वाण पुण्यात खपवणाऱ्याकडून रोप न घेतलेले बरे. पाने बोटाच्या पेराएवढी ते दोन पेरांएवढी, लंबगोल आणि बुडाशी एकाहून अधिक फांद्या असलेले, दोन वर्षांचे रोप चांगले समजावे.

पदरी काय पडते?

शेवटी प्रश्न हिशेबाचा. सारे काही जमून आले तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुंडीतल्या झुडपाने अर्धा ते एक किलो फळे दिली तरी समाधान मानावे. मिश्रण, खते, जाळी आणि रोजची देखभाल जमेस धरली तर ही फळे बाजारापेक्षा स्वस्त पडतील, असे म्हणता येणार नाही. आरोग्याच्या नावाने होणाऱ्या गाजावाजाकडेही तारतम्याने पाहायला हवे. ब्लूबेरीचा निळा रंग ज्या अँथोसायनिन द्रव्यांमुळे येतो, ती जांभळातही असतात. शंभर ग्रॅम ब्लूबेरीतून सुमारे दहा मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळते, आवळ्यात ते त्याच्या कितीतरी पट असते.

ज्यांना रोज पाणी मोजण्याची, सामू तपासण्याची सवड नाही, त्यांच्यासाठी तुती, फालसा, करवंद आणि रसभरी ही आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर वाढणारी फळे आहेतच. त्यांतील बहुतेक कुंडीत फळतात आणि लाडही करून घेत नाहीत. ब्लूबेरी लावावी ती ज्याला झाडाच्या तऱ्हा समजून घेण्याची हौस आहे, त्याने. रोप विकत घेण्यापूर्वी मात्र त्याने घरच्या नळाचे पाणी एका पट्टीवर तपासून पाहावे. दहा-वीस रुपयांच्या त्या पट्टीवरचा रंग पुढच्या खर्चाचे भवितव्य आधीच सांगून टाकील.

वर्षाचे वेळापत्रक (पठारी भागासाठी)

जून-जुलै : हलकी छाटणी, निचरा तपासणे, पावसाचे पाणी साठवणे.

ऑगस्ट-सप्टेंबर : सामूची तपासणी, गरजेनुसार चमचाभर गंधक, अमोनियम सल्फेटची मात्रा, नव्या कुंडीची तयारी.

ऑक्टोबर : नवे रोप लावणे, आच्छादन बदलणे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : कुंडी भर उन्हात ठेवणे, खत थांबवणे, फुलांच्या वेळी परागीभवनाकडे लक्ष.

मार्च ते मे : दुपारी सावली, कुंडीतला ओलावा कायम राखणे, पक्ष्यांपासून जाळी, तोडणी.